मागच्या रांगेतला बारावा

१९ नोव्हेंबर १९३७, शुक्रवार. शांतता मंडळाने वार्षिकातल्या अर्ध्या पानासाठी सहा डॉलर पन्नास सेंट रोख भरले. पावती मी फाडली आणि पैसे पत्र्याच्या डब्यात टाकले.

लार्किनच्या ज्युनिअर कॉलेजात मी तेव्हा दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होतो. वार्षिक दर मे महिन्यात निघायचं. कापडी बांधणी, आत पास होणाऱ्यांचे फोटो, खेळांच्या संघांचे फोटो, मंडळांचे फोटो आणि शेवटी नावांची सूची. जाहिराती मिळवणं, मंडळांकडून पानांचे पैसे घेणं आणि फोटोंखालची नावं टाइप करणं ही कामं कॉमर्सच्या एखाद्या मुलाकडे असत. त्या वर्षी ती माझ्याकडे होती. लिहायचं आहे ते मात्र ऑर्विल टकेटबद्दल. त्याची हकिकत त्या पावतीपासून सुरू होते, म्हणून ती आधी सांगितली.

ऑर्विल ओक्लाहोमाचा. धुळीच्या वादळांनी तिकडची शेतं बुडाली तेव्हा बापाबरोबर कॅलिफोर्नियात आला. आमच्या मनुक्यांच्या गावात अशा लोकांना ‘ओकी’ म्हणत, आणि ते काही लाडाने नाही. ऑर्विल यंत्रशाळेचा कोर्स करत होता आणि फीसाठी कॉलेजातच तासाला पस्तीस सेंटवर पडेल ते काम करायचा. उंच, हाडकुळा, बोलायला सावकाश. कुणी ‘ओकी’ म्हटलं की तो म्हणायचा, “बरोबर. आणि तू कोण?”

मंडळांचे फोटो व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर, एकाच दुपारी, ओळीने निघत. बाक मांडायचं काम ऑर्विलचं. पायऱ्यांवर त्याने खडूने खुणा केल्या होत्या. बाकाचा पाय कुठे, उंच मुलगा कुठे, फोटोग्राफरची तिकाटी कुठे, सगळं ठरलेलं. एका बाकावर चार, अशा हिशेबाने तो लांबूनच सांगायचा की स्पॅनिश मंडळात दोन कमी आहेत आणि शेतकी मंडळात एक जास्त.

कमी असतील तर भरती करायची, ही आमच्याकडची रीत. अर्धं पान हवं तर फोटोत निदान बारा जण हवेत, असा विद्यार्थी परिषदेचा नियम होता. मग आजूबाजूला जो कुणी उभा असेल त्याला ओढून रांगेत घ्यायचं. बुद्धिबळ मंडळात गृहशास्त्राच्या दोन मुली होत्या, त्यांना घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं. स्पॅनिश मंडळात फुटबॉलचा एक दांडगा खेळाडू तीन वर्षं झळकला. दुसऱ्या वर्षी नापास झाला म्हणून तिसरं वर्ष. त्याला स्पॅनिशमध्ये फक्त जेवायला मागता येत असे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ऑर्विल म्हणायचा, “शिरगणती केली तर या कॉलेजात पोरांपेक्षा सभासद जास्त निघतील.”

त्या शुक्रवारी धुकं होतं. आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात जमिनीतून धुकं वर येतं आणि दुपार झाली तरी हलत नाही. बाराला निघायचे फोटो अडीचला सुरू झाले. तोवर बरीच मुलं कामावर निघून गेली होती. शांतता मंडळाची पाळी शेवटची.

“हॅल, तुझे अकराच आहेत,” ऑर्विल मला म्हणाला.

मी लिओ फेर्बरकडे वळलो. मंडळ त्यानेच काढलेलं. सडपातळ, चष्मा लावणारा, लॉस एंजेलिसहून आलेला मुलगा. “लिओ, एक कमी आहे. आण कुठून तरी.”

“कुठून आणू? धुक्यात जाळं टाकू?”

फोटोग्राफर मिस्टर बोयाजियान काळ्या कापडाखालून डोकं काढून ओरडले, “बाबांनो, माझ्याकडे प्लेट एकच उरलीये. काढू की घरी जाऊ? बायकोने सूप केलंय.”

फोटो निघाला नाही तर अर्धं पान मोकळं राहणार होतं आणि सकाळचे साडेसहा डॉलर परत करावे लागणार होते. मी ऑर्विलला म्हटलं, “तू उभा राहा.”

“माझ्या हातात बाक आहे.”

“बाक ठेव आणि उभा राहा.”

“मंडळ कसलं आहे पण?”

“तुला काय करायचंय? मला बारावं डोकं हवंय.”

“डोकं फुकट नाही मिळत. काय देशील?”

“वार्षिकाची एक प्रत.”

प्रत पावणेदोन डॉलरला होती, म्हणजे त्याची पाच तासांची मजुरी. त्याने बाक खाली ठेवला. “लिओ, तू साक्षीदार. कॉमर्सवाला शब्द देतोय.”

तो मागच्या रांगेत उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला. मिस्टर बोयाजियान म्हणाले, टोकाचा कापला जातोय, आत सरका. लिओने त्याच्या कोपरात हात घालून त्याला जवळ ओढलं. फोटोत ते तसेच आहेत, हातात हात अडकवून. लिओ हसतोय, आणि ऑर्विल कॅमेऱ्याकडे न बघता बाकाकडे बघतोय.

नावं मी टाइप केली. “मागची रांग, डावीकडून” असं लिहून शेवटी “एल. फेर्बर, ओ. टकेट.” बारा डोक्यांना बारा नावं लागत. छपाईचा ब्लॉक करणाऱ्याकडे फोटो गेला, पान छापलं गेलं, पान एकाहत्तर. मग मिस प्रुइट यांनी सूची केली. त्या आमच्या ग्रंथपाल आणि वार्षिकाच्या मार्गदर्शक. सूचीवर त्यांचा फार जीव. प्रत्येक माणूस कुठल्या कुठल्या पानावर आहे ते त्या चिठ्ठ्यांवर लिहून, लावून, तीनदा तपासत. आमच्या वार्षिकात माणूस हरवत नाही, असं त्या म्हणायच्या.

स्वतःच्या फोटोचे तीन डॉलर वेगळे पडत, ते ऑर्विलने भरले नव्हते. त्यामुळे १९३८ च्या त्या अख्ख्या पुस्तकात त्याच्या नावापुढे एकच आकडा होता.

लिओ पुस्तक निघायच्या आत फेब्रुवारीतच कॉलेज सोडून गेला. स्पेनला लढायला गेला असं नंतर कळलं. तो परत आला नाही.

ऑर्विलला प्रत मिळाली नाही. छापखान्यातून चार प्रती कमी आल्या, पैसे भरलेल्यांना आधी द्याव्या लागल्या, आणि मी त्याला म्हटलं, पुढच्या गठ्ठ्यातली देतो. पुढचा गठ्ठा नव्हताच.

त्याच जूनमध्ये कॉलेजने ऑर्विलला देखभालीच्या कामावर कायम केलं आणि मला हिशेबाच्या खिडकीवर घेतलं. युद्धात तो तीन वर्षं नौदलाच्या बांधकाम तुकडीत होता. परत आला तो पुन्हा कॉलेजच्या इमारती गरम ठेवणाऱ्या बॉयलरवर. नेव्हा नावाच्या मुलीशी लग्न केलं, ती मनुक्यांच्या कारखान्यात काम करायची. कर्ज काढून दोन खोल्यांचं घर बांधलं, त्याच्या मागे जर्दाळूची तीन झाडं लावली. आणि दर नोव्हेंबरला, मुलांचे फोटो निघायच्या दिवशी, पायऱ्यांवर बाक मांडताना तो मला विचारायचा, “हॅल, माझं पुस्तक?”

“बांधणीला दिलंय.”

“गेल्या वर्षी पण बांधणीलाच होतं.”

“बांधणारा आजारी आहे.”

“बरा झाला की सांग.”

युद्धातली तीन सोडली तर अशी सोळा वर्षं. मला वाटायचं, प्रत देऊन टाकली तर हे बोलणं बंद होईल. म्हणून दिली नाही, असंही असेल.

११ जानेवारी १९५४, सोमवार. करडा कोट घातलेला एक माणूस ग्रंथालयात आला. वय चाळिशीचं, नीट कापलेले केस, हातात चामडी बॅग. त्याने मिस प्रुइट यांना प्रेसिडेंटची चिठ्ठी दाखवली आणि १९३४ ते १९४० ची वार्षिकं मागितली. प्रेसिडेंट म्हणजे आमच्या कॉलेजचे प्रमुख, डॉक्टर हॉलनबेक. कुठल्या खात्याकडून आला ते त्याने सांगितलं नाही. डॉक्टर हॉलनबेक यांनी आम्हा सगळ्यांना तोंडी सांगितलं, “या गृहस्थांना लागेल ते द्या. उगाच बोलत बसू नका.”

तो खिडकीजवळच्या टेबलावर बसला. सोमवारी १९३४ चं पुस्तक. मंगळवारी १९३५. बुधवारी १९३६. दिवसाला एक पुस्तक, सकाळी नऊ ते साडेचार. मधे उठून तो डबा खायचा, रुमालाने हात पुसायचा, परत बसायचा.

“आधी सूची उघडतो,” मिस प्रुइट मला म्हणाल्या. त्या बुधवारी माझ्या खिडकीशी आल्या होत्या, कागद द्यायच्या निमित्ताने. “त्याच्याकडे नावांची एक यादी आहे. यादीतलं नाव सूचीत शोधतो, पान काढतो, मग त्या फोटोतली बाकीची नावं उतरवून घेतो. मग ती नावं परत सूचीत बघतो. हॅरल्ड, त्याला काही शोधावंच लागत नाही. मी सगळं शोधून ठेवलंय.”

दोन दिवसांत सगळ्या कॉलेजला कळलं होतं. आमच्यातले अर्धेअधिक याच कॉलेजातून शिकलेले. जो तो आपलं वर्ष मोजू लागला. भूगोलाचे मिस्टर ड्रेनन १९३५ चे होते. मंगळवारी ते आले नाहीत, बुधवारी आले, आणि जेवणाच्या सुट्टीत एकटेच बसून मोठ्याने हसले. जेवणघरात कुणी कुणाला विचारत नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं की शुक्रवारी १९३८.

शुक्रवारी सकाळी ग्रंथालयातली वाफेची नळी थंड पडली. मिस प्रुइट यांनी बॉयलरवर निरोप पाठवला. ऑर्विल पाना घेऊन वर आला. खिडकीखालची नळी त्या माणसाच्या पायांशीच होती. ऑर्विल गुडघ्यांवर बसला, झडप सैल केली, आत अडकलेली हवा सोडली. फुस्स आवाज झाला आणि गढूळ पाणी डब्यात पडलं. हे मला मिस प्रुइट यांनी नंतर सांगितलं, त्या तिथेच होत्या.

“आभारी आहे,” तो माणूस म्हणाला. “गारठलो होतो. तुमचं नाव?”

“टकेट.”

“पहिलं?”

“ऑर्विल.”

त्या माणसाने मान हलवली. पुस्तकाची शेवटची पानं उलटली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. मग पान एकाहत्तर काढलं. आधी फोटोकडे बघितलं, मग गुडघ्यांवर बसलेल्या माणसाकडे.

“फार बदलला नाहीत,” तो म्हणाला.

ऑर्विलने पाना उचलला. “नळी दहा मिनिटांत तापेल,” म्हणाला आणि खाली गेला.

चार वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या नोकरांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या. सरकार उलथवू पाहणाऱ्या कुठल्याही संघटनेत मी नाही आणि नव्हतो, असा तो कागद. ऑर्विलने बॉयलरच्या झाकणावर ठेवून सही केली, म्हणून त्याच्या कागदावर अंगठ्याचा काळा डाग होता. लिओ फेर्बरचं शांतता मंडळ आता सरकारने कम्युनिस्ट ठरवलेल्या संघटनांच्या कुठल्याशा यादीत गेलं होतं. ऑर्विल त्याचा सभासद ठरला तर ती सही खोटी ठरणार होती, आणि सही खोटी म्हणजे नोकरी गेली. निवृत्तिवेतनाला वीस वर्षं लागत. त्याची सोळा होत होती.

पुढच्या शुक्रवारी त्याला पत्र आलं. गुरुवारी, २८ तारखेला सकाळी दहाला, जिल्हा कचेरी, दुसरा मजला.

मी त्याच संध्याकाळी एक निवेदन टाइप केलं, दोन प्रतींत. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, फक्त बाराची संख्या भरण्यासाठी मी स्वतः ऑर्विल टकेट यांना फोटोत उभं केलं, त्यांचा त्या मंडळाशी काही संबंध नव्हता. खाली सही केली. ते घेऊन बॉयलरच्या खोलीत गेलो.

ऑर्विलने हात पुसले आणि कागद दिव्याखाली धरून वाचला. परत वाचला.

“टायपिंग छान आहे.”

“मी तुझ्याबरोबर येतो. दहा मिनिटांत प्रकरण मिटेल.”

“आणि अकराव्या मिनिटाला?”

“म्हणजे?”

“अकराव्या मिनिटाला तो विचारेल, मिस्टर लिंडक्विस्ट, एक भरतीचा होता म्हणता, मग खरे कोण कोण? तू काय सांगशील?”

त्याने झडपेवर हात ठेवला, किती गरम आहे ते बघितलं.

“पुढच्या रांगेत एल्सी आहे,” तो म्हणाला.

पुस्तकात ती ई. ओस्टरगार्ड आहे. पहिली रांग, डावीकडून तिसरी. दर बुधवारी ती मंडळाची पत्रकं वाटायची, लिओइतकीच पक्की. लग्नानंतर ती मिसेस रेनफ्रो झाली आणि गावातल्याच शाळेत तिसरीला शिकवत होती. त्या माणसाला ओस्टरगार्ड कुठेच सापडत नव्हती. सूचीत लग्नानंतरची नावं नसतात. गावात मात्र लहान मुलालाही ती कोण ते माहीत होतं.

“मी तिचं नाव घेणार नाही,” मी म्हटलं.

“घ्यायचं नाही हे ठरवून जाशील. मग तो सरळ विचारेल आणि तुझे कान लाल होतील. हॅल, तुला खोटं जमत नाही. आयुष्यात एकदा खोटं टाइप केलंस, तेही माझ्या नावाचं.”

“मग मी काय करू?”

“येऊ नकोस. तेवढं कर.”

“आणि तू काय सांगणार?”

“नेव्हा म्हणते, आजारी पड. मी म्हटलं, जन्मात पडलो नाही, आता कोण विश्वास ठेवणार.” त्याने कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. “राहू दे तुझ्याजवळ.”

मला त्या क्षणी हायसं वाटलं. ते त्याला दिसलं असणार.

२८ तारखेला धुकं इतकं होतं की कचेरीच्या पायऱ्या रस्त्यावरून दिसत नव्हत्या. तो येऊ नकोस म्हणाला होता, म्हणून मी आत गेलो नाही. समोर गाडी लावून बसलो. दहाला पाच कमी असताना ऑर्विल चालत आला. लग्नातला कोट घातला होता, बाह्या आखूड झालेल्या. गाडी त्याने ओळखली, पण थांबला नाही. निवेदनाच्या दोन्ही प्रती माझ्या खिशात होत्या. मी घड्याळ मांडीवर ठेवलं. शेजारच्या दुकानदाराने दार उघडलं, फळी पुसली, परत दार लावून घेतलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. दहा वाजून अकरा मिनिटांनी ऑर्विल बाहेर आला, सरळ गाडीकडे चालत आला आणि शेजारी बसला.

“काय झालं?”

“खोली गरम होती. आपल्यापेक्षा चांगला बॉयलर आहे त्यांचा.”

“ऑर्विल.”

“सांगतो.” त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. “तिघे होते. मी म्हटलं, साहेब, मी भरतीचा होतो, बाक उचलत होतो, पोरांनी उभं केलं. म्हटलं, तेव्हा सगळेच करायचे. तो आपला करड्या कोटवाला, त्याला पटलं. खरंच पटलं, हॅल. छान म्हणाला. मग तो फोटो माझ्यापुढे सरकवला. मोठा करून आणलाय, केवढा तरी. आणि पेन्सिल दिली. म्हणाला, म्हणजे तुम्हाला या लोकांशी काही देणंघेणं नाही. बाकही तुम्हीच मांडायचात, तेव्हा कोण खरा आणि कोण भरतीचा, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. खऱ्यांवर खूण करा.”

“मग?”

“पेन्सिल नवी होती. छान टोक काढलेली.”

“ती घेतलीस?”

“मी म्हटलं, आठवत नाही. तो म्हणाला, स्वतःचं तर चांगलं आठवतंय. आणि बघत बसला. मी पण फोटो बघत बसलो. लिओ किती पोरगेला दिसतो रे. सोळा वर्षांत मी तो फोटो बघितलाच नव्हता. पुस्तक कुठे होतं माझ्याकडे.” ही थट्टा होती की नाही ते मला कळलं नाही. “मग मी पेन्सिल घेतली आणि माझ्यावरच खूण केली. म्हटलं, मघाशी खोटं बोललो, मी सभासद होतो. दुसऱ्या कुणाचं मला माहीत नाही. त्याने विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, लिहिलंय ना पुस्तकात.”

“मी आत जाऊन सांगू का? कागद आहे माझ्याकडे.”

“गाडी सुरू कर. नेव्हाची दुपारची पाळी आहे. ती निघायच्या आत घरी पोचायला हवं.”

मी गाडी सुरू केली.

विश्वस्तांची बैठक ९ फेब्रुवारीला झाली. सात मिनिटं चालली, मी टिपणं घ्यायला होतो. ऑर्विलला कामावरून काढण्याचं कारण लिहिलं, “प्रतिज्ञापत्रातील असत्य विधान.” डॉक्टर हॉलनबेक म्हणाले की टकेट हे कामाला उत्तम होते हेही नोंदवावं, मग म्हणाले, नको, राहू द्या. ऑर्विलने शेवटच्या दिवशी बॉयलर पुसला, किल्ल्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या, कुठली कशाची ते लिहून, आणि माझ्या खिडकीवर आणून दिल्या. बोलला फक्त एवढंच की, ग्रंथालयातल्या नळीची झडप बदलायला हवी.

त्या वर्षीचं वार्षिक मेमध्ये निघालं त्यात सूची नव्हती. मिस प्रुइट यांनी छपाईचा खर्च वाढल्याचं कारण दिलं. खर्च वाढला नव्हता, बिलं माझ्याकडेच येत. मी ते कारण तसंच लिहून घेतलं. पुन्हा कधी सूची झाली नाही.

नोव्हेंबरमध्ये मंडळांचे फोटो निघाले. नव्या माणसाने बाक वाकडे मांडले, कारण पायऱ्या धुतल्या होत्या आणि खडूच्या खुणा गेल्या होत्या. त्याने फारसं बिघडलं नाही, माणसंच थोडी होती. शेतकी मंडळ आणि बँड पूर्ण होते. वादविवाद मंडळाचे पाच जण उभे राहिले. सहावा मुलगा पायऱ्यांपर्यंत आला, फोटोखाली नावं येणार का असं त्याने विचारलं, आणि येणार म्हटल्यावर निघून गेला. दुसऱ्या कुणाच्या रांगेत उभं राहायला कुणी तयार होईना. विनोदानेही कुणी म्हणेना.

ऑर्विलला गावात काम मिळालं नाही. मनुक्यांच्या कारखान्याने नेव्हाची पाळी आधी कमी केली, मग बंद केली. घर विकून ते कालव्यापलीकडे गेले. तिथे तो विहिरींचे पंप दुरुस्त करायला लागला. शेतकऱ्यांना पंप चालण्याशी मतलब होता, तेव्हा पोट भरलं. एल्सी रेनफ्रोने १९७३ पर्यंत तिसरीला शिकवलं. गावातली निम्मी मुलं तिच्या हाताखालून गेली. तिला यातलं काही कळलं का, ते मला माहीत नाही. ऑर्विलने सांगितलं नसणार. मी सांगितलं नाही.

तो मला लोखंडी सामानाच्या दुकानात अधूनमधून भेटतो. हवेबद्दल बोलतो, कालव्याच्या पाण्याबद्दल बोलतो. एकदा त्याने माझ्या गाडीचा आवाज नुसता ऐकून सांगितलं की पट्टा जाणार आहे, आणि आठवड्यात गेला. बोलण्यात राग नसतो. पण १९५४ नंतर त्याने मला पुस्तकाबद्दल विचारलेलं नाही. मी वाट बघतो की या वेळी विचारेल. तो खिळे मोजून घेतो आणि जातो.

ग्रंथालयातली १९३४ ते १९४० ची वार्षिकं बारा वर्षं कुलपात होती, नंतर परत फळीवर आली. माझी स्वतःची १९३८ ची प्रत कचेरीतल्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. दोनदा ती गाडीत घेऊन कालव्यापर्यंत गेलो. पहिल्यांदा पुलावरूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा नेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने हात डोळ्यांवर धरून गाडीकडे बघितलं, आणि मी पुढे निघून गेलो.

येत्या जूनमध्ये मी निवृत्त होतो. टेबल रिकामं करून द्यायचं आहे.

ऑर्विल टकेट, वार्षिक १९३८, एक प्रत. किंमत एक डॉलर पंचाहत्तर सेंट. देणं बाकी.